लांजेवारांच्या फियाटचं गरम बोनेट

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी त्यांच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवतो आणि मग दाराची बेल वाजवतो. लग्नाच्या बोलणीला गेलो तरी हेच, तेराव्याला गेलो तरी हेच. माझी बायको सुलभा याला व्यसन म्हणते.

"मागच्या महिन्यात मले ताप आला होता," ती सगळ्यांना सांगते, "तर हे घरभर थर्मामीटर शोधून राहिले होते. कपाळावर हात ठेवाचं याईले सुचलंच नाही. तेच बोनेट असतं तर!"

तिचं खोटं नाही. पण तो हात धंद्याचा आहे, त्याला मी काय करू? गेली सव्वीस वर्षं मी भिलाईत जुन्या गाड्या घेतो, विकतो आणि दुरुस्त करतो. जुन्या म्हणजे सेकंडहँड नव्हेत. सेकंडहँड गाडी घेणारा माणूस मायलेज विचारतो. जुनी गाडी घेणारा मायलेजचं नावही काढत नाही. तो दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, पुन्हा लावतो आणि डोळे मिटून तो आवाज ऐकतो. आमचं गिऱ्हाईक ओळखायची खूण तीच.

या धंद्यात पहिला नियम असा की गाडी थंड असताना पाहायची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा ती खोटं बोलू शकत नाही. धूर निघायचा तो निघतो, खडखड व्हायची ती होते. म्हणून लबाड विकणारा तुम्ही यायच्या आधी अर्धा तास गाडी चालवून गरम करून ठेवतो. मग ती अर्ध्या चावीत सुरू होते आणि नवशिका खूश होतो. जाणता माणूस मात्र आधी बोनेटवर हात ठेवतो. बोनेट गरम लागलं की समजायचं, काहीतरी लपवलं जातंय.

या नियमानं मला सव्वीस वर्षांत एकदाही धोका दिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात दिला, आणि असा दिला की हुडको कॉलनीतली अख्खी गल्ली माझ्यावर हसली.

आमच्याकडे गाड्या येतात त्या भिलाईच्या स्टील प्लांटच्या माणसांकडून. नोकरीत असताना हौसेनं घेतलेली गाडी क्वार्टरच्या मागे पत्र्याचं शेड टाकून जपलेली असते. माणूस रिटायर झाला की क्वार्टर सोडावं लागतं, क्वार्टरबरोबर शेड जातं आणि शेडबरोबर गाडी. त्यामुळे कोण कधी रिटायर होणार याच्यावर माझं बारीक लक्ष असतं. निरोप समारंभात माणूस शाल-नारळ घेऊन स्टेजवरून उतरतो, तेव्हा शेवटच्या रांगेत मी बसलेला असतो. सुलभा मला गिधाड म्हणते. मी स्वतःला हितचिंतक म्हणतो.

लांजेवार काका मात्र रिटायर होऊनही माझ्या हाती लागले नव्हते. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, प्लांटमधल्या मिलमध्ये फोरमन होते. सहा फूट उंच, ताठ, आवाज असा की मिलच्या गोंगाटातही दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. त्यांनी वेळेवर हुडकोत घर घेतलं आणि पोर्चमध्ये आपली पांढरी फियाट उभी केली. स्टीअरिंगला गिअर असलेली, मूळ रंगाची. नंबर अजून मध्य प्रदेशचा, म्हणजे छत्तीसगड वेगळं होण्याच्या आधीचा. शौकीन लोक त्या नंबरासाठी जीव टाकतात. मी बारा वर्षं त्यांना दर दिवाळीला फराळाचा डबा नेऊन देत होतो. काका डबा घेत, गाडी देत नसत.

मग डिसेंबरात त्यांचाच फोन आला. "विलास, ये रे बाप्पा. गाडी काढाची हाय. पोरगा पुण्याले बोलावून राहिला. तेथी फ्लॅटले एकच पार्किंग, अन् त्यात त्याची गाडी उभी."

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता हुडकोत पोचलो. कडाक्याची थंडी होती. पोर्चमध्ये फियाट उभी होती. मी सवयीप्रमाणे बोनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. बोनेट चहाच्या किटलीसारखं गरम.

माझं मन खट्टू झालं. काका बाहेर आले. नुकतेच फिरून आले होते, डोक्यावर माकडटोपी तशीच.

"काका, माझ्यापासून कायले लपवता?" मी म्हणालो. "काय असन ते सांगा ना. सकाळी सकाळी गाडी गरम करून ठेवली तुम्ही."

काकांचा चेहरा बदलला. "मी? अबे, चार दिवस झाले चावीले हात नाही लावला. पस्तीस वर्षं लॉगबुकात एक रीडिंग खोटं नाही लिहिलं मी, अन् तुझ्याशी खोटं बोलू?"

त्यांनी स्वतः बोनेटवर हात ठेवला. तेही गोंधळले. आम्ही दोघं एकाच बोनेटवर हात ठेवून एकमेकांकडे बघत उभे होतो, तेवढ्यात प्रमिला काकू चहा घेऊन आल्या. काकू ठेंगण्या, जेमतेम काकांच्या खांद्याला लागतील एवढ्या. बोलणंही कमी.

"ऊन पडते ना तेथी," काकू म्हणाल्या. "त्यानं तापत असन."

आम्हा दोघांना ते पटलं. लांजेवारांचा पोर्च पश्चिमेला तोंड करून आहे आणि सकाळचे आठ वाजले होते. गाड्यांतला जाणकार मी आणि लॉगबुकात चूक न करणारा फोरमन, दोघांनीही चहात बिस्कीट बुडवलं आणि ऊन मान्य केलं.

त्या फियाटसाठी माझ्याकडे गिऱ्हाईक तयार होतं. रायपूरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे आधीच चार जुन्या गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी ते दात तपासल्यासारखी तपासतात. खिशात फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ठेवतात. जिथे पत्रा सडलेला असतो तिथे पुट्टी भरून वर रंग मारलेला असतो. पुट्टीला चुंबक चिकटत नाही. चुंबक सटकलं की डॉक्टर हळहळतात, "यहाँ तो फिलिंग है, विलासभाई." मी त्यांना फोन केला. एमपीचा नंबर म्हटल्यावर ते तिकडे उभेच राहिले असावेत. "संडे को आता हूँ. सुबह-सुबह. ठंडी गाड़ी चाहिए मुझे."

हातात दहा-बारा दिवस होते. गाडी दाखवण्याआधी ठाकठीक करावी म्हणून मी दर दोन-तीन दिवसांनी हुडकोला जाऊ लागलो, आणि त्या गाडीनं मला वेड लावलं.

आधी पेट्रोल. काकांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता, म्हणून ते बांबूची एक पट्टी टाकीत बुडवून पाहत. पट्टीवर ब्लेडनं खुणा केलेल्या. काकांनी मला पट्टी दाखवली. "पाह्य. सोमवारी इथपर्यंत होतं. आज गुरुवार. दोन बोटं कमी. गाडी जागची हलली नाही."

"गळती," मी ठामपणे म्हणालो.

माझ्या शेडमधले मिस्त्री बिसाहू माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. मूळचे उतईजवळच्या एका गावचे, कमी बोलणारे. आमचं शेडही उतईच्या रस्त्यालाच आहे. आम्ही दोघांनी टाकी उतरवली, धुतली, पाणी भरून दिवसभर टांगून ठेवली. एक थेंब पडला नाही. तरी मी सांध्याला कथलाचा डाग दिला. मग इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. मग कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, बसवला. चार दिवसांनी पट्टी पुन्हा दोन बोटं कमी.

बिसाहूंनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "भइया, ए गाडी ला कोनो चलावत हे."

"कोण चालवणार? काका म्हणतात, हात लावला नाही. काका खोटं बोलत नाहीत. मग उरलं कोण?"

बिसाहूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पाठीमागे पाहिलं. माझ्या पाठीमागे काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी ट्रेमधला कप उचलला, काकूंना थँक्यू म्हटलं आणि पुन्हा बिसाहूंकडे वळून विचारलं, "सांगा ना, उरलं कोण?"

बिसाहू म्हणाले, "कोनो नइ, भइया," आणि चहा प्यायले.

यानंतरचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. क्लचला जळका वास येत होता. नव्या शिकाऊ माणसाच्या पायाखालीच क्लच असा जळतो, हे मी शंभर लोकांना शिकवलंय. मी क्लच प्लेटला दोष दिला. डाव्या मडगार्डवर बारीक ओरखडा होता. तो मी गल्लीतल्या गाईच्या नावावर टाकला. ड्रायव्हरच्या सीटवर चौघडी घालून गोधडी ठेवलेली असायची. मला वाटलं, काकू सीट खराब होऊ नये म्हणून जपतात. मी त्यांचं कौतुकही केलं. आणि गाडी पोर्चमध्ये इतकी सरळ लावलेली असायची की मी काकांना म्हणालो, "काका, आजकाल गाडी फार सरळ लावता हो तुम्ही!"

काकांची गाडी रिव्हर्समध्ये लावणं ही गल्लीची जुनी करमणूक होती. काकू मागे उभ्या राहून "या, या, या, डावीकडं, बस्स!" म्हणायच्या, आणि तरी काकांना चार वेळा पुढे-मागे करावं लागायचं. पण माझं कौतुक ऐकून काकांनी गाडीकडे नीट पाहिलं, माकडटोपी मागे सारली आणि म्हणाले, "प्रॅक्टिस असते रे, प्रॅक्टिस."

आणि ती सीट! दर वेळी जावं तर ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली. काका सहा फुटांचे, त्यांना सीट मागेच लागते. मी मागे घ्यायचो, पुन्हा जावं तर ती पुढे. "रेल झिजली," मी निदान केलं. शनिवारी, डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी, मी सीट पूर्ण मागे घेतली आणि पान्यानं बोल्ट असा आवळला की हात दुखला.

काकू दारात उभ्या होत्या. "आता हे सीट मागंच राहीन का?"

"हाव काकू. आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. मला वाटलं, दूध संपलं असेल.

घरी येऊन मी सुलभाला सगळा पराक्रम सांगितला. टाकी, पंप, कार्ब्युरेटर, क्लच, सीट. ती पोळ्या लाटता लाटता लाटणं ठेवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"कावून हसून राहिली?"

"काही नाही. सीट आवळली म्हणता?"

"पक्की."

"बिचारी," ती म्हणाली. मला वाटलं, सीटला म्हणाली.

रविवारी डॉक्टर रायपूरहून उजाडायच्या आत निघाले आणि पावणेसातला मला घेऊन हुडकोत पोचले. फियाट बघायच्या घाईत त्यांनी स्वेटर उलटा घातला होता, पण मी सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला पहिल्या भेटीत खिजवू नये.

पोर्च रिकामा होता. जिथे फियाट असायची तिथे तेलाचा एक जुना डाग आणि दोन कुंड्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरून काका फिरून आले. रोज सहाला निघतात, बगिच्यात हसण्याच्या क्लबात हसतात, पेपर वाचतात आणि साडेसातला येतात. आज पाहुणे येणार म्हणून लवकर आले होते. रिकामा पोर्च बघून ते फाटकाशीच थांबले.

"गाडी?" ते मला म्हणाले.

"गाडी?" मी त्यांना म्हणालो.

"प्रमिला!" काका घराकडे तोंड करून ओरडले. उत्तर नाही. दाराला बाहेरून कडी. "चोरी झाली. विलास, पोलिसले फोन लाव. ते भजनी मंडळात गेली असन, तिले नको सांगू एकदम..."

शेजारच्या तिवारी भाभी त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. समोरच्या घरातले दोघं गच्चीवर होते. कोपऱ्यावरचा दूधवालाही सायकल टेकवून उभा होता. कुणाच्याही चेहऱ्यावर चोरीचं दुःख दिसत नव्हतं. सगळे गल्लीच्या तोंडाकडे बघत होते.

आणि तिकडून फियाट आली.

ती माणसाच्या चालीनं येत होती. स्टीअरिंगच्या वर काकूंचे फक्त डोळे आणि कपाळावरचं कुंकू दिसत होतं. वळणावर गाडी हुंदका दिल्यासारखी झाली आणि बंद पडली.

"क्लच!" काका ओरडले. मिलवाला आवाज. "प्रमिला, क्लच दाब!"

काकूंनी काच खाली केली. "माहीत हाय मले. तुम्ही बाजूले व्हा."

चावी फिरवली, गाडी पुन्हा सुरू झाली. पहिला गिअर पडताना जरा कण्हला, पण पडला. स्टीअरिंगचा गिअर टाकायला मनगटात एक लय लागते. ती काकूंच्या मनगटात होती. गाडी फाटकाच्या पुढे गेली आणि थांबली. आता रिव्हर्स घेऊन पोर्चमध्ये लावायची होती.

तिवारी भाभी पदर खोचून निघाल्या. त्यांचंच काम होतं ते. रोज त्याच मागे उभ्या राहून "आने दो, आने दो" म्हणायच्या, हे मला नंतर कळलं. पण त्या चार पावलं गेल्या आणि थांबल्या, कारण गाडीच्या मागे काका जाऊन उभे राहिले होते. माकडटोपी, हातात पेपरची गुंडाळी. आपण तिथे का गेलो हे त्यांनाही ठाऊक नसावं. क्षणभर काहीच झालं नाही. काकू आरशात त्यांच्याकडे बघत होत्या.

मग काकांनी पेपर हलवला. "ये," ते म्हणाले. "ये, ये... डावीकडं जराशी... ये... बस्स."

एका दमात गाडी लागली. दोन कुंड्यांच्या बरोबर मधोमध. गच्चीवरून कुणीतरी टाळी वाजवली.

काकू उतरल्या, तर त्यांच्या मागून दोन उशा खाली पडल्या. आदल्या दिवशी मी सीट आवळून ठेवली होती ना. पाय पोचावेत म्हणून बिचारीनं पाठीला दोन उशा लावून गाडी चालवली होती. सुलभा कुणाला बिचारी म्हणाली ते मला तेव्हा कळलं. पुढे हेही कळलं की सुलभा, तिवारी भाभी आणि हळदीकुंकवाचं सगळं मंडळ दोन महिन्यांपासून हे जाणून होतं. माहीत नव्हतं ते फक्त काकांना आणि भिलाईतल्या जुन्या गाड्यांच्या एकमेव तज्ज्ञाला.

डॉक्टरांनी बोनेटवर हात ठेवला. "गरम है," ते खिन्नपणे म्हणाले.

आम्ही व्हरांड्यात बसलो. काका म्हणाले, "कोणी शिकवलं तुले?"

"अर्धं तुम्हीच," काकू म्हणाल्या. "अडतीस वर्षं डाव्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसली मी. तुमचा हात पाहत. राहिलेलं अर्धं सेक्टरातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईनं. भजनाले जाते सांगून जात होती." त्या आत गेल्या आणि देवाच्या फोटोमागून लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. फोटोत काकू अगदी घाबरलेल्या दिसत होत्या.

"पण कावून, प्रमिला? म्हणलं असतं तर मी नेलं नसतं का, जेथी जाचं तेथी?"

"कुसुमकडं?" काकूंनी विचारलं.

कुसुम म्हणजे त्यांची धाकटी बहीण. उतईला राहते. हुडकोपासून गाडीनं फार तर अर्धा तास. काकू बोलत राहिल्या. मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि आवाज एकदाही चढला नाही.

"आधी तुमची ड्यूटी. ए शिफ्ट, मग बी शिफ्ट, मग नाइट. मग नाइटची झोप. मग रिटायर झाले, तं म्हणत, उगाच गाडी काढाची कायले, ती येईल ना. आता तिचे गुडघे गेले. ती नाही येऊ शकत. अन् आपण चाललो पुण्याले. गाडी चालली रायपूरले. मले एकच पाहिजे होतं. गाडी विकाच्या आधी एक डाव, माह्या हातानं चालवत, तिच्या दारात जाऊन हॉर्न वाजवाचा. आजच जाणार होती मी. म्हणून वळणं घेऊन पाहत होती. तं तुम्ही सगळे लवकर आले."

डॉक्टरांना मराठी समजत नव्हतं. तरी त्यांनी चुंबक खिशात ठेवून दिलं. "मैडम," ते म्हणाले, "गाड़ी बेचनी है कि नहीं, मैं अब आपसे ही पूछूँगा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. धंद्यात सव्वीस वर्षं सौदे होताना आणि मोडताना मी पाहिलेत. सौदा मोडायचा तो माणूस बोलण्याआधीच मोडतो. काकांनी टेबलावरचं लायसन्स उचललं, हात लांब करून चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला आणि परत काकूंच्या हातात दिलं.

"नई बेचना है," काकू डॉक्टरांना म्हणाल्या.

"गाड़ी अच्छी चलाती हैं आप," डॉक्टर म्हणाले आणि मग हळूच मला, "नंबर एमपी का था, विलासभाई!" त्यांचा स्वेटर अजून उलटाच होता. दोन महिने त्यांनी माझा फोन उचलला नाही.

त्याच दिवशी काकू उतईला निघाल्या. निघण्याआधी मला बोल्ट सैल करायचा होता, पण पाना शेडमध्ये राहिला होता, म्हणून पुन्हा दोन उशा. काका डाव्या सीटवर बसले, मांडीवर डबा. मी मागे, तिवारी भाभींच्या घरची स्कूटर घेऊन. शेडपाशी मला वळायचं होतं, पण राहवेना, मी मागेच गेलो. पूर्ण रस्ताभर काकांचा उजवा पाय गाडीत नसलेला ब्रेक दाबत होता, हे मला मागच्या काचेतून त्यांच्या डोक्याच्या हालचालीवरून दिसत होतं.

उतईत कुसुमताईंच्या दारात काकूंनी हॉर्न वाजवला. नीट दोनदा. कुसुमताई काठी टेकत बाहेर आल्या आणि सवयीनं उजव्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "या भाऊजी, आज कसं..." पुढचे शब्द राहिले. "अवो बाई! पमे, तू?"

काकू खाली उतरल्याच नाहीत. "चाल, बस. फिरवते तुले."

काका मुकाट्यानं मागच्या सीटवर गेले, डब्यासकट. दोघी बहिणींनी उतईचा बाजार, तळं, शाळा असा फेरा मारला. मागे काका कधी उजवीकडून, कधी डावीकडून डोकं पुढे काढत होते. कुणी त्यांना रस्ता विचारला नाही.

पुण्याचं मग पुढे ढकललं गेलं. "उन्हाळा जाऊ दे," काका मुलाला फोनवर म्हणाले. उन्हाळा गेला. पाऊसही गेला. मुलानं आता पाठपुरावा सोडलाय, तोच अधूनमधून येऊन जातो. दर बुधवारी साडेदहाला पांढरी फियाट माझ्या शेडवरून उतईकडे जाते. मी हात करतो. काकू करत नाहीत. "स्टीअरिंग सोडून नमस्कार करत नाही मी, राग नको मानू," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. आमच्याही घरी सुलभा आता गाडी चालवायला शिकून राहिली आहे, आणि आमच्या गाडीच्या सीटला मी हात लावत नाही.

एकच गोष्ट सांगायची राहिली. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी काका एकटेच फियाट घेऊन शेडवर आले. उतरले, इकडे-तिकडे पाहिलं, जणू काही चोरीचा माल विकायला आलेत.

"विलास, ते सीट पुढं करून दे. तिच्या मापानं. अन् पक्की कर. उशा ठेवून चालवते, बरं नाही दिसत."

मी बोल्ट सोडला. सीट पुढे सरकवली, एक खाच, दोन, तीन. बिसाहूंनी पान्यानं आवळला. काकांनी हलवून पाहिली. हलली नाही. समाधानानं त्यांनी मान डोलावली, दार उघडलं आणि घरी जायला आत बसू लागले.

बसताच येईना. सहा फुटांचा माणूस, गुडघे स्टीअरिंगला अडकलेले, एक पाय बाहेर. त्यांनी तिरके होऊन पाहिलं, मागून शिरून पाहिलं. शेवटी बाहेर येऊन गाडीकडे बघत उभे राहिले.

"काका, अब?" बिसाहूंनी विचारलं.

मी पाना पुन्हा उचलला. "दोन मिनिटांचं काम आहे, काका. मागं घेऊन देतो."

"राहू दे," काका म्हणाले. खिशातून फोन काढला. "प्रमिला? विलासच्या शेडवर हाव मी. ऑटोनं ये अन् मले घरी घेऊन जा... नाही, काही बिघडलं नाही... हाव, थांबतो."

मी स्टूल दिलं. काका रस्त्याकडे तोंड करून बसले. चहा आला, तो संपला. दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं.

"पोळ्या चालल्या असतील तिच्या," ते म्हणाले. "येईल."